मुठीतली नौका आणि हवेवरची नौका

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



काशीच्या दुर्गाघाटावर पहाटे उभे राहिले की गंगेच्या दोन काठांतला फरक प्रथम डोळ्यांत भरतो. अलीकडे दगडी पायऱ्या, देवळे आणि उंच वाडे आहेत. पलीकडे दूरवर पसरलेली ओसाड वाळू. हा घाट मराठी माणसाला परका नाही. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी १७४० च्या सुमारास ही जागा तिथल्या मच्छीमारांकडून विकत घेतली आणि दुर्गाघाट व त्याला लागून असलेला ब्रह्मघाट बांधला, असे या घाटांच्या इतिहासात नोंदलेले आहे. तेव्हापासून या परिसरात मराठी कुटुंबे नांदत आली आणि घाटाखाली नावाड्यांच्या होड्याही बांधलेल्या राहिल्या.

या घाटाच्या आसपास तीन प्रकारच्या नौका पाहायला मिळतात. पहिली नावाड्याची खरी होडी. दुसरी काशीच्या लाकडी खेळण्यांमधली, रंगवलेली, फळीवर मांडून ठेवायची. तिसरी म्हणजे पानांचा द्रोण. त्यात फुले आणि पेटती वात ठेवून तो प्रवाहात सोडतात. शेजारच्या पंचगंगा घाटावर कार्तिकात आकाशदिवे लागतात आणि देवदिवाळीला साऱ्या घाटांवर पणत्या उजळतात, तेव्हा असे द्रोण पाण्यावर दूरपर्यंत जाताना दिसतात. शोभेची लाकडी होडी हुबेहूब होडीसारखी दिसते, पण पाण्यात सोडली तर बहुधा कलंडते, कारण ती तरंगण्यासाठी केलेलीच नसते. द्रोण होडीसारखा मुळीच दिसत नाही. तरीही तो तरंगतो, दिव्याचा भार वाहतो आणि प्रवाहाबरोबर पुढे जातो. एकीत नौकेचे रूप आहे, दुसऱ्यात नौकेचे तत्त्व आहे.

आजचा विषय आहे हॉवरक्राफ्टच्या धातूच्या छोट्या प्रतिकृतींचा संग्रह आणि त्या प्रतिकृतींमागची खरी नौका. द्रोण आणि लाकडी होडी यांच्यातला हा फरक ध्यानात ठेवला, तर पुढचे सारे विवेचन सोपे होईल.

हॉवरक्राफ्ट म्हणजे हवेच्या उशीवर चालणारे वाहन. ते पाण्यात बुडत नाही आणि जमिनीला टेकत नाही. नदी, दलदल, चिखल, वाळू, बर्फ या सर्वांवरून ते सारख्याच सहजतेने जाते. त्याचे जनक सर ख्रिस्टोफर कॉकरेल. केंब्रिजला शिकलेले हे अभियंते मार्कोनी कंपनीत अनेक वर्षे नोकरीस होते. पुढे ती नोकरी सोडून त्यांनी इंग्लंडच्या नॉरफोक भागात होड्या बांधण्याचा आणि भाड्याने देण्याचा छोटा व्यवसाय सुरू केला. होडीची पुष्कळशी शक्ती पाण्याचे घर्षण तोडण्यात खर्ची पडते, हे त्यांना रोज दिसत होते. होडी आणि पाणी यांच्यामध्ये हवेचा थर घालता आला, तर हे घर्षण टळेल काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला.

१९५५ साली त्यांनी जो प्रयोग केला तो कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत करण्याजोगा आहे. मांजराच्या खाद्याचा एक रिकामा डबा त्यांनी कॉफीच्या मोठ्या डब्यात बसवला. दोन डब्यांमध्ये गोलाकार फट राहिली. त्या फटीतून झोताने हवा खाली सोडली आणि खाली स्वयंपाकघरातला तराजू ठेवून दाब मोजला. एकाच डब्यातून सरळ सोडलेल्या झोतापेक्षा या कड्याच्या आकाराच्या झोताने तराजूवर कितीतरी अधिक दाब पडला. कडेने खाली येणारी हवा मधल्या हवेला कोंडून धरत होती. हाच हॉवरक्राफ्टचा पाया. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. नंतर बाल्सा या हलक्या लाकडाची छोटी प्रतिकृती करून तिच्यावर खेळण्यातल्या विमानाचे इंजिन बसवले आणि ती चालवून दाखवली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सामान्यतः खरी वस्तू आधी होते आणि तिची प्रतिकृती मागून येते. हॉवरक्राफ्टच्या बाबतीत प्रतिकृती आधी जन्मली. तिला घेऊन कॉकरेल सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिले. आरमाराने म्हटले, हे तर विमान आहे. वायुदलाने म्हटले, ही तर नौका आहे. आणि लष्कराला त्यात रसच नव्हता, असा किस्सा प्रसिद्ध आहे. हा शोध काही काळ गोपनीय यादीतही अडकून पडला. अखेर राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळाने पाठबळ दिले आणि सॉन्डर्स-रो या कंपनीने एसआर.एन.१ ही पहिली मोठी नौका बांधली. ११ जून १९५९ रोजी ती लोकांसमोर आली. २५ जुलै १९५९ रोजी तिने फ्रान्समधील कॅलेहून इंग्लंडमधील डोव्हरपर्यंत खाडी ओलांडली. ब्लेरिओने विमानातून तीच खाडी ओलांडली त्याला त्या दिवशी बरोबर ५० वर्षे झाली होती. या प्रवासात कॉकरेल स्वतः नौकेवर होते. तोल सांभाळणारे जिवंत वजन म्हणून ते उघड्या फलाटावर उभे होते.

एवढी जड नौका हवेवर उभी राहते कशी, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. उत्तर साध्या भागाकारात आहे. समजा, एखाद्या हॉवरक्राफ्टचे वजन २० टन आहे आणि त्याच्या तळाचे क्षेत्रफळ २०० चौरस मीटर आहे. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १०० किलो भार आला. चौरस सेंटीमीटरच्या हिशेबात तो केवळ १० ग्रॅम होतो. वातावरणाचा दाब चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो असतो. तेव्हा नौकेखालच्या हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा शंभराव्या हिश्शाने वाढवला की काम भागते. उलट ६० किलो वजनाचा माणूस दोन पायांवर उभा राहतो तेव्हा त्याच्या तळव्याखाली चौरस सेंटीमीटरला दीडशे ग्रॅमच्या वर भार येतो. दुर्गाघाटासमोरच्या ओल्या वाळूत माणसाचे पाऊल रुतेल, पण २० टनांची ही नौका त्याच वाळूवरून खोल खूण न उमटवता निघून जाईल.

पहिल्या नौकेत एक मोठी उणीव होती. ती जेमतेम वीतभर उंचीवर तरंगत असे, त्यामुळे थोडी मोठी लाट आली की अडचण होई. तिच्यावर तोडगा निघाला तो रबरी कापडाच्या लवचीक झालरीचा. सेसिल लॅटिमर-नीडहॅम या अभियंत्याने ही कल्पना पुढे आणली. नौकेच्या कडेने खाली लोंबणारी ही झालर हवा कोंडून धरते आणि लाट किंवा दगड आडवा आला तर दुमडून पुन्हा सरळ होते. झालरीमुळे नौकेचा टणक तळ कितीतरी वर उचलला गेला आणि हॉवरक्राफ्ट खऱ्या अर्थाने उपयोगाचे झाले.

आता प्रतिकृतींकडे वळू या. धातूच्या छोट्या वाहनांच्या इतिहासात शाळेचाही वाटा आहे, हे या सभेला ऐकून आनंद होईल. लंडनच्या लेस्नी कंपनीतील जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत एक नियम होता: आगपेटीत मावेल एवढेच खेळणे शाळेत आणता येईल. ओडेल यांनी पितळेचा एक चिमुकला रोड रोलर करून आगपेटीत घालून दिला. तो वर्गात इतका गाजला की त्यातून १९५३ साली ‘मॅचबॉक्स’ ही मालिका जन्मली. शाळेचा एक कडक नियम आणि त्यातून पळवाट काढणारा एक बाप, यांच्या पोटी साऱ्या जगाला वेड लावणारा छंद निघाला.

ही खेळणी डायकास्ट पद्धतीने होतात. जस्तात थोडे ॲल्युमिनियम, तांबे आणि मॅग्नेशियम मिसळून केलेला मिश्रधातू चारशे अंश सेल्सियसच्या आसपास वितळलेल्या स्थितीत पोलादी साच्यात दाबाने भरतात. क्षणार्धात तो थिजतो, साचा उघडतो आणि खिडक्यांच्या कडाही स्पष्ट दिसतील असा सांगाडा बाहेर पडतो. पोलादी साचा करणे अतिशय खर्चिक, पण एकदा झाला की त्यातून हजारो नग निघतात. म्हणून साच्यांना मोल असते आणि ते देशोदेशी विकले जातात. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनच्या ‘डिंकी’ खेळण्यांचे काही जुने साचे असेच कलकत्त्यात आले आणि त्यांतून ‘निकी टॉईज’ या नावाने मोटारी निघू लागल्या. हुगळीच्या काठी तयार झालेल्या त्या मोटारी आज जगभरचे संग्राहक शोधत असतात.

या धातूला एक रोगही जडतो. मिश्रणात शिशासारख्या धातूची थोडी जरी भेसळ झाली, तर काही वर्षांनी खेळण्याला आतून भेगा पडतात, ते फुगते आणि शेवटी भुगा होऊन पडते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कित्येक प्रतिकृती अशाच नष्ट झाल्या. वरचा रंग कितीही सुरेख असला तरी आतला धातू शुद्ध नसेल तर वस्तू टिकत नाही, हे जुना संग्राहक नव्याला पहिल्यांदा सांगतो.

१९६० च्या दशकात हॉवरक्राफ्ट हे ब्रिटनच्या अभिमानाचे यंत्र झाले होते, तेव्हा खेळण्यांच्या कारखान्यांनी ते उचलले नसते तरच नवल. एसआर.एन.६ ही ३८ आसनांची नौका १९६५ साली सेवेत आली. तिच्या एकाच गॅस टर्बाइन इंजिनावर उचलणारा पंखा आणि ढकलणारा पंखा असे दोन्ही चालत. १९६८ साली एक मोहीम याच जातीच्या नौकेतून ॲमेझॉन आणि ओरिनोको या नद्यांच्या खळाळांवरून गेली. १९७० साली डिंकीने आणि १९७२ साली मॅचबॉक्सने एसआर.एन.६ ची प्रतिकृती काढली. काळ्या झालरीचा तळ, वर रंगीत सांगाडा, मागे उभा पंखा असे तिचे रूप. हॉवरक्राफ्टच्या संग्राहकाच्या कपाटात या दोहोंना मानाचे स्थान असते.

अशी प्रतिकृती हातात घेऊन उलटी करावी. तळाशी चाके दिसतात! ज्या वाहनाचे सारे वैशिष्ट्य चाकांवाचून चालण्यात आहे, त्याच्या प्रतिकृतीला झालरीच्या आत लपवलेली चाके असतात. यात खेळणे करणाऱ्याचा दोष नाही. जस्ताचा जड गोळा हवेवर उचलणे त्या आकारात शक्य नाही आणि मुलाला तर ते जमिनीवर पळवायचे असते. तेव्हा रूप राखले आणि तत्त्व सोडले. फळीवरच्या लाकडी होडीसारखाच हा प्रकार. ज्याने प्रतिकृती कधी उलटी करून पाहिली नाही त्याच्यापाशी खेळणी पुष्कळ असतात. ज्याने ती उलटी केली आणि ‘मग खरी कशी चालते?’ असा प्रश्न विचारला, त्याच्या संग्रहाचे तिथून ज्ञानात रूपांतर होऊ लागते.

खऱ्या नौकेची कहाणी प्रतिकृतीत मावत नाही. १९६८ साली डोव्हर आणि फ्रान्सचा किनारा यांच्यामध्ये एसआर.एन.४ या महाकाय हॉवरक्राफ्टची सेवा सुरू झाली. पुढे लांबी वाढवल्यावर तीत ४१८ प्रवासी आणि ६० मोटारी मावत. खाडी ओलांडायला साधारण ३५ मिनिटे पुरत. १९९५ साली ‘प्रिन्सेस ॲन’ने तर ती २२ मिनिटांत ओलांडली. परंतु घर्षण टाळणाऱ्या या वाहनाला त्याची किंमतही मोजावी लागते. पाण्यात रुतलेला तळ नाही म्हणून त्याला पकडही नाही. जोराचा वारा आडवा आला की ते बाजूला सरकते. ३० मार्च १९८५ रोजी डोव्हर बंदरात शिरताना ‘प्रिन्सेस मार्गारेट’ वाऱ्याने लोटली जाऊन दगडी धक्क्यावर आदळली आणि चौघांचा मृत्यू झाला. घर्षण हा अडथळा असतो तसा आधारही असतो, हे त्या दिवशी फार मोठी किंमत देऊन कळले.

इंधनाचा वाढता खर्च, बदललेली बाजारपेठ आणि १९९४ साली सुरू झालेला खाडीखालचा बोगदा यांपुढे ही सेवा टिकली नाही. १ ऑक्टोबर २००० रोजी ती बंद झाली. दोन्ही नौका इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ली-ऑन-द-सोलेंट येथे हॉवरक्राफ्ट संग्रहालयाशेजारी उभ्या राहिल्या. २०१६ साली त्या भंगारात काढण्याची वेळ आली, तेव्हा लोकांनी त्यांच्यासाठी मोहीम उभी केली. ‘प्रिन्सेस ॲन’ वाचली. ‘प्रिन्सेस मार्गारेट’ २०१८ साली तोडण्यात आली. ज्या नौकेतून लक्षावधी लोकांनी प्रवास केला तिचे पत्रे वितळले आणि तिच्या तळहाताएवढ्या प्रतिकृती मात्र घरोघरी शाबूत राहिल्या. अशा वेळी संग्राहकाची जबाबदारी वाढते. त्याच्याजवळच्या खेळण्यासोबत खऱ्या नौकेची हकीगत राहिली नाही, तर ते खेळणे पुढच्या पिढीला केवळ एक विचित्र आकाराचा डबा वाटेल.

हॉवरक्राफ्ट ही केवळ परदेशची गोष्ट नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत गेटवे ऑफ इंडिया आणि नवी मुंबईतील बेलापूर यांच्यामध्ये हॉवरक्राफ्ट धावत असे. पुरेशा सुविधांअभावी ती सेवा बंद पडली, तरी काही माजी विद्यार्थ्यांना तिचा तो आवाज आणि उडणारे तुषार आठवत असतील. भारतीय तटरक्षक दलाने २००० सालापासून हे वाहन स्वीकारले. कच्छच्या चिखलपट्ट्या, रामेश्वराकडचा उथळ समुद्र आणि हुगळीच्या मुखाजवळचे हल्दिया, अशा जिथे साध्या नौकेचा तळ टेकतो तिथे त्याचा उपयोग होतो. त्यांतील काही हॉवरक्राफ्ट कलकत्त्याच्या गार्डन रीच गोदीत बांधली गेली. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने गोव्याच्या चौगुले अँड कंपनीशी सहा नव्या हॉवरक्राफ्टसाठी सुमारे ३८७ कोटी रुपयांचा करार केला. डब्यांच्या प्रयोगातून निघालेली कल्पना आता गोमंतकाच्या गोदीत आकार घेत आहे.

हल्दियाचे पाणी म्हणजे दुर्गाघाटावरून वाहत गेलेलेच पाणी. मग या घाटावर हॉवरक्राफ्ट का येऊ नये? समोरचा काठ त्याला फार सोयीचा आहे. उतरती सपाट वाळू हेच त्याचे आवडते बंदर. ते सरळ नदीतून वाळूवर चढेल आणि थांबेल. अलीकडचा काठ मात्र त्याला स्वीकारणार नाही. पायरीच्या काटकोनाशी झालर नीट टेकत नाही. फटींतून हवा निसटते आणि उशी मोडते. शिवाय पंख्यांचा वारा आणि गर्जना यांपुढे काठावरचा एकही दिवा टिकणार नाही. होडीला याच पायऱ्या सोयीच्या. काशीत धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे आणि १९७८ च्या पुरात पाणी ७३.९ मीटरपर्यंत चढले होते. उन्हाळ्यात तेच पाणी कितीतरी पायऱ्या खाली उतरते. पाणी ज्या पायरीला लागेल ती पायरी होडीचा धक्का होते. पायऱ्यांचा घाट आणि लाकडी होडी ही एकमेकांसाठीच घडलेली जोडी आहे. प्रत्येक वाहन आपल्या काठासह जन्माला येते, आणि ते कुठे चालणार नाही हे कळणे हाही ते समजण्याचाच भाग आहे.

पालकहो, या साऱ्याचा घरातल्या मुलाशी संबंध आहे. मूल खेळणे मागते तेव्हा ते आणून देण्याची ऐपत आज पुष्कळांना आहे. परंतु कपाट भरले आणि प्रश्न संपले, असे होऊ नये. त्यासाठी दोन गोष्टी करता येतील.

पहिली, संग्रहाची वही. प्रत्येक प्रतिकृतीसाठी एक पान असावे. कारखाना कोणता, साल कोणते, प्रतिकृती कोणत्या खऱ्या वाहनाची, ते वाहन कोणी बांधले, कोठे चालले, आज कोठे आहे आणि प्रतिकृतीत खऱ्याहून काय वेगळे आहे, एवढे मुलाने स्वतः शोधून आपल्या भाषेत लिहावे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ‘खरीला चाके नाहीत, हिला आहेत’ हे वाक्य लिहिणाऱ्या मुलाने हॉवरक्राफ्ट निम्मे समजून घेतले असे मानावे.

दुसरी, धातूच्या प्रतिकृतीशेजारी ठेवण्यासाठी एक चालणारी प्रतिकृती. घरात पडून असलेली जुनी सीडी घ्यावी. तिच्या मधल्या छिद्रावर बाटलीचे उघडझाप होणारे टोपण घट्ट चिकटवावे. फुगवलेला फुगा टोपणावर चढवून टोपण उघडावे. गुळगुळीत टेबलावर ती चकती तरंगू लागते आणि बोटाच्या स्पर्शाने दूर सरकते. सतरंजीवर ठेवली तर जागीच बसते, तेव्हा झालर का लागली ते कळते. वरचा पंखा सुरू केला की ती वाऱ्याने भरकटते, तेव्हा डोव्हरच्या धक्क्यावर काय घडले ते कळते. ही चकती हॉवरक्राफ्टसारखी दिसत नाही. ती घाटावरच्या द्रोणासारखी आहे. कपाटात दोन्ही शेजारी असाव्यात: रूप सांगणारी एक आणि तत्त्व सांगणारी एक.

या शाळेने ६० वर्षे मातृभाषेतून शिकवले. हवेची उशी, कापडाची झालर, दाब, भागाकार, घर्षण आणि पकड हे सारे शब्द इथल्या प्राथमिक वर्गातल्या मुलाच्या तोंडी आहेत. हॉवरक्राफ्ट समजून घ्यायला याहून अवघड शब्द लागत नाही. यंत्राचे नाव परके असले तरी त्याचे कार्य घरच्या भाषेत नि:संकोच उलगडता येते, हा विश्वास या शाळेने आपल्या विद्यार्थ्यांना दिला आहे. आज माजी विद्यार्थी पालक होऊन या सभागृहात बसले आहेत. घरी गेल्यावर मुलाच्या कपाटातले एक खेळणे त्यांनी काढावे, मुलासमोर उलटे करावे आणि विचारावे, ‘खरे कसे चालत असेल?’ उत्तर ठाऊक नसले तरी बिघडत नाही. दोघांनी मिळून ते शोधावे.